सूर्याचा वारा, चंद्राचे पाणी: मोरा बंदराचा दिवस कसा वाचावा

मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला रोज जाणाऱ्यांना एक गोष्ट सवयीने ठाऊक असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास लाँच अडते ती बहुधा सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, म्हणजे नेमकी कामावर निघायच्या आणि घरी परतायच्या वेळेला. ओहोटी इतकी खाली जाते की धक्क्यापुढचा गाळ उघडा पडतो, लाँचला टेकायला पाणी उरत नाही आणि भरतीची वाट पाहण्याखेरीज इलाज राहत नाही. पुष्कळांना हा नशिबाचा भाग वाटतो. पण मुंबई बंदरात उधाणाची ओहोटी दर पंधरवड्याला घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळेला येते आणि त्याचे कारण आकाशात आहे.

याच पाण्यावर शिडाच्या होड्या फिरतात, लांब पल्ल्याचे जलतरणपटू पोहतात, हौशी मंडळी कयाक वल्हवतात. या सगळ्यांना सकाळी उठल्यावर एकच प्रश्न पडतो: आज पाण्यात उतरावे का आणि किती वाजता? उत्तर दोन वेळापत्रकांत असते. वाऱ्याचे वेळापत्रक सूर्य ठरवतो, पाण्याचे मुख्यतः चंद्र. दोन्ही वेगवेगळी वाचली तर अर्धीच माहिती हाती येते. मोऱ्यासमोरचे पाणी शांत असेल की खवळलेले, हे वारा आणि प्रवाह एका दिशेने चालले आहेत की समोरासमोर आले आहेत, यावर ठरते. ही गाठ कशी पडते ते समजून घेण्यासारखे आहे.

मोऱ्यासमोरचे पाणी

मुंबई बंदराला आपण समुद्र म्हणतो, पण घडण पाहिली तर ते एक मोठे खाडीमुख आहे. उत्तरेकडून ठाण्याची खाडी येते, पूर्वेकडून पनवेलची. दक्षिणेला पाताळगंगा आणि अंबा या नद्यांचे पाणी धरमतरच्या खाडीतून करंजा-रेवसच्या मधून बाहेर पडते. या सगळ्या पाण्याचे तोंड नैऋत्येला, अरबी समुद्राकडे उघडते. म्हणून मोऱ्यासमोर भरतीचा प्रवाह साधारण ईशान्येकडे आत जातो आणि ओहोटीचा नैऋत्येकडे बाहेर पडतो.

मोरा या पाण्याच्या पूर्व काठावर, उरणच्या उत्तर बाजूला आहे. उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर घारापुरी, वायव्येला सुमारे दहा किलोमीटरवर भाऊचा धक्का, तेवढ्याच अंतरावर पश्चिमेला गेटवे ऑफ इंडिया, आणि पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर. पुढे वाऱ्याचा विचार करताना हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा लागेल, कारण तोच वारा कुलाब्याला एक आणि मोऱ्याला दुसरेच काही करतो.

वाऱ्याचा दिवस

पाणी तापायला वेळ लागतो, जमीन चटकन तापते. ठरावीक वजनाच्या पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचव्या हिश्शातच तेवढ्या कोरड्या मातीचे तापमान तितके वाढते. शिवाय समुद्रात ऊन खोलवर शिरते आणि लाटा ती उष्णता ढवळून पसरवतात. मातीत ती वरच्या थरातच अडकते. त्यामुळे निरभ्र दिवशी दुपारपर्यंत पनवेल-कर्जतकडची जमीन चांगलीच तापते. तिथली हवा हलकी होऊन वर जाते, दाब उतरतो आणि ती जागा भरायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे. रात्री उलटे घडते. जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि जमिनीवरची हवा समुद्राकडे वाहू लागते. हे मतलई वारे.

डिसेंबर ते फेब्रुवारीत मोऱ्याला हे चक्र अगदी स्वच्छ दिसते. पहाटे ईशान्येकडून मंद मतलई वाहत असते. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात, त्यापलीकडे काही नाही. नऊ-दहाच्या सुमारास ती पडते आणि पाणी तास-दोन तास जवळपास निश्चल होते. अकरा ते एकच्या दरम्यान पश्चिमेकडून पहिली झुळूक येते. लांबवर पाण्याचा रंग गडद झालेला पट्टा दिसतो आणि तो पुढे सरकत येतो. वारा आपल्यापर्यंत पोचण्याआधीच तो असा डोळ्यांना दिसतो. दुपार चढते तसा जोर वाढतो आणि दिशा हळूहळू वायव्येकडे वळते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे झुकतो, शिवाय हिवाळ्यात या किनाऱ्यावर एकंदर वाऱ्याचा कलच उत्तरेकडचा असतो; दोन्ही गोष्टी त्याला वायव्येला खेचतात. तीन ते पाच ही त्याच्या भराची वेळ. सूर्य मावळल्यावर तो उतरू लागतो.

शिडाच्या काळात या चक्राचा केवढा फायदा असेल, ते नकाशावरून कळते. सकाळी मोऱ्याहून मुंबईला निघालेल्या होडीला ईशान्येची मतलई बाजूने, किंचित मागून मिळते. शिडाच्या होडीला ही सर्वांत सोयीची वाट. संध्याकाळी परतताना वायव्येचा खारा वारा थेट पाठीशी. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वारा सोबतीला. याउलट दुपारी तीनला मोऱ्याहून मुंबईकडे निघालेल्या लाँचच्या नाळेवर वारा सरळ समोरून आदळतो आणि पुढच्या बाकांवरची माणसे तुषारांनी भिजतात.

मोऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कुलाब्याच्या बाजूला शहर वाऱ्याला आडवे उभे आहे. उंच इमारतींमुळे तिथे वारा तुटक होतो, कधी पडतो तर कधी झपकन झोत येतो, पण किनाऱ्याजवळ लाट उठत नाही, कारण लाटेला वाढायला जागाच नसते. वारा दहा किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वाहत मोऱ्याला पोचतो तोवर तो सलग झालेला असतो आणि त्याच्याबरोबर लाटही वाढलेली असते. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहिला. म्हणून गेटवेवरून पाणी शांत दिसले तरी मोऱ्याला तसेच असेल असे धरू नये. शिवाय वायव्येचा वारा मोऱ्याच्या काठावर ढकलतो. शीड वा इंजिन बिघडले तर होडी खडक आणि गाळाकडेच वाहत येते.

वेग डोळ्यांनी मोजणे

पाण्यावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. यंत्र हाताशी नसले तरी पाणी स्वतः वेग सांगते. ब्रिटिश आरमारातले फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ च्या सुमारास वाऱ्याची शून्य ते बारा अशी मोजपट्टी आखली आणि ती आजही जगभर वापरतात. तीन क्रमांकाला, म्हणजे ७ ते १० नॉटला, पाण्यावर कुठे कुठे पांढरे फेस फुटतात. चार क्रमांकाला, ११ ते १६ नॉटला, पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा सगळीकडे दिसतात. पाच क्रमांकाला, १७ ते २१ नॉटला, लाटा लांब होतात आणि तुषार उडू लागतात. नवशिक्याने तीनवर थांबावे. चार हा शीड हाकणाऱ्याच्या आनंदाचा वारा. पाचला मुरलेल्या माणसाचेच काम.

तीन आणि पाचमधला फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा रेटा चौपट होतो. सकाळी आठ नॉटला सहज हाकलेली होडी दुपारी सोळा नॉटला अचानक हाताबाहेर जाते, त्याचे कारण हे.

पाण्याचा दिवस

आता दुसरे वेळापत्रक. मुंबईला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली जाते. हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. तिथले सरासरी आकडे बोलके आहेत. उधाणाची भरती ४.४२ मीटर, ओहोटी ०.७६ मीटर. भांगाची भरती ३.३० मीटर, ओहोटी १.८६ मीटर. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढते-उतरते आणि अष्टमीच्या आसपास जेमतेम दीड मीटर. तेवढ्याच सहा तासांत अडीचपट फरक भरून काढायचा तर प्रवाहालाही तितकेच धावावे लागते. उधाणाला या बंदरात दोन-तीन नॉटचा प्रवाह सहज सापडतो.

हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. नाविक त्याचे बारा भाग पाडतात: पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. उधाणाच्या दिवशी मधल्या दोन तासांत पाणी तासाला जवळपास नव्वद सेंटिमीटर चढते किंवा उतरते. प्रवाहाचा सर्वांत जास्त जोर तेव्हाच असतो. भरती-ओहोटीच्या टोकाला पाणी घटकाभर थांबते आणि मग फिरते.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आत-बाहेर. द्वितीयेला दीड. कृष्ण पक्षातही हाच हिशेब. तास-पाऊण तासाची चूक यात राहते, म्हणून होडी काढण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे कोष्टक पाहावेच. पण पंचांगावर नजर टाकून दिवसाचा अंदाज बांधायला ही रीत पुरते.

सुरुवातीचे कोडे आता सुटते. उधाण येते ते सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आल्यावर. त्या दिवशी चंद्राची वेळ आणि सूर्याची वेळ जुळलेली असते, म्हणून एका ठिकाणी उधाणाची भरती नेहमी घड्याळाच्या ठरावीक वेळेलाच येते. मुंबईत ती वेळ बाराची आहे. भरती बाराला, तर ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाला. मोऱ्याच्या धक्क्यापुढे साचलेला गाळ त्याच वेळी वर येतो. कोणी बंदराची वेळ बदलू शकत नाही; गाळ काढणे आणि धक्का खोल पाण्यापर्यंत नेणे एवढेच माणसाच्या हाती आहे.

अशा एखाद्या संध्याकाळी धक्क्यावर उभे राहिले की खाली निळसर-करडा चिखल दूरवर पसरलेला दिसतो. त्यावर निवट्या उड्या मारत असतात, होड्या कुशीवर कलंडलेल्या असतात आणि पाण्याची कड शे-दोनशे पावलांवर गेलेली असते. हा चिखल वरून घट्ट वाटतो, पण त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो. अडकलेली होडी ढकलायला म्हणून त्यात उतरू नये. होडीतच बसून पाण्याची वाट पाहावी.

दोन्ही वेळापत्रके एकत्र

आता ही दोन पाने शेजारी ठेवू. एक हिवाळी अष्टमी घेऊ. भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला, पुन्हा भरती संध्याकाळी सहाला. सकाळभर पाणी नैऋत्येकडे उतरत असते आणि ईशान्येची मतलई त्याच दिशेने वाहत असते. दुपारी पाणी ईशान्येकडे आत येऊ लागते, तेव्हा पश्चिमेचा खारा वाराही आतच ढकलत असतो. दिवसभर वारा आणि पाणी हातात हात घालून चालतात आणि प्रवाहही मंद असतो.

आता पौर्णिमा घेऊ. ओहोटी सकाळी सहाला, भरती बाराला, ओहोटी संध्याकाळी सहाला. सकाळी पाणी आत येते, तर मतलई बाहेर वाहते. वारा मंद असल्याने फारसे बिघडत नाही. पण दुपारी बारानंतर उधाणाची ओहोटी जोराने बाहेर पडू लागते आणि त्याच वेळी पश्चिमेचा खारा वारा तिच्यासमोर तिरका उभा राहतो. तीन-चारच्या सुमारास दोघेही भरात असतात. वारा वायव्येला वळला की तो प्रवाहाला आडवा येतो आणि लाट वेडीवाकडी होते. म्हणजे मुंबई बंदरात भांगाला वारा-पाणी सोबत असतात आणि उधाणाला विरोधात. हे दर पंधरवड्याला असेच घडत राहते, कारण उधाणाची वेळ ठरलेली आहे आणि खाऱ्या वाऱ्याचीही.

विरोधात असण्याने एवढा फरक का पडतो? दहा नॉटचा वारा आणि दोन नॉटचा प्रवाह घ्या. दोघे एका दिशेने असतील तर पाण्याला वारा आठ नॉटचाच जाणवतो. समोरासमोर आले तर बारा नॉटचा. वर्गाच्या हिशेबाने आठाचे चौसष्ट आणि बाराचे एकशे चव्वेचाळीस. तोच वारा, पण पाण्यावरचा जोर दुपटीहून जास्त. त्यात समोरून येणारा प्रवाह लाटांना दाबून जवळ आणतो. त्यांची लांबी घटते, उंची वाढते आणि कडा उभ्या होतात. छोट्या होडीला उंच पण लांब लाटेपेक्षा अशी आखूड, उभी लाट जास्त त्रास देते.

हे ओळखायला धक्क्यावरूनच एक सोपी खूण दिसते. धक्क्यापासून थोडे आत नांगरलेल्या मचव्यांकडे पाहावे. नांगरलेला मचवा नाळ प्रवाहाकडे करून उभा राहतो, कारण त्याचा मोठा भाग पाण्यात असतो. त्याच्यावरचा झेंडा मात्र वाऱ्याचे ऐकतो. झेंडा नाळेकडून मागे फडकत असेल तर वारा-पाणी सोबत आहेत. झेंडा मागून नाळेकडे फडकत असेल तर दोघे समोरासमोर आहेत. सगळे मचवे एकाच वेळी तोंड फिरवू लागले की पाणी फिरले. दोन मिनिटांचे हे निरीक्षण मोबाइलवरच्या कितीतरी आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते, कारण आकडा साऱ्या मुंबईचा असतो आणि मचवा मोऱ्यासमोर नांगरलेला असतो.

कोणी कधी उतरावे

कयाक किंवा वल्ह्याची छोटी होडी घेऊन जाणाऱ्यांसाठी मोऱ्याला सर्वांत चांगली वेळ म्हणजे अष्टमी ते एकादशीच्या सकाळी. भरती सहा ते सव्वाआठच्या दरम्यान असते, गाळावर भरपूर पाणी असते, प्रवाह मंद आणि वारा पडत चाललेला. माणूस कयाक ताशी पाचेक किलोमीटर वेगाने वल्हवतो. दोन नॉटचा समोरचा प्रवाह ताशी ३.७ किलोमीटर खाऊन टाकतो. अशा वेळी घाम गाळूनही माणूस जेमतेम पुढे सरकतो.

जलतरणपटूंना तर प्रवाहाचा हिशेब चुकवून चालतच नाही. मुंबई बंदरात समुद्री पोहण्याची जुनी परंपरा आहे. सनकरॉक ते गेटवे हे पाच किलोमीटरचे अंतर, घारापुरी ते गेटवे सुमारे चौदा, आणि धरमतर ते गेटवे सुमारे छत्तीस किलोमीटरचे. धरमतरचा मार्ग नीट पाहिला तर तो भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरच आखलेला दिसतो. धरमतरच्या खाडीतून करंजा-रेवसपर्यंत उतरताना ओहोटी सोबत हवी आणि खाडीच्या तोंडाशी पोचून उत्तरेला गेटवेकडे वळताना भरती लागायला हवी. सुरुवात एक तास चुकली तर शेवटचे काही किलोमीटर समोरच्या पाण्याशी झुंजावे लागते. ताशी तीन किलोमीटर पोहणाऱ्याला दोन नॉटचा प्रवाह सरळ मागे नेतो. रात्री किंवा पहाटे सुरुवात करण्यामागेही वाऱ्याचे गणित आहे: खारे वारे उठण्याआधी जितके अंतर कापून होईल तितके बरे.

शीड हाकणाऱ्यांना मात्र दुपार हवी. मुंबई बंदराचा हा भरवशाचा खारा वारा दीडशे वर्षांहून जुन्या नौकानयनाचा आधार आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. १९८२ च्या आशियाई खेळांचे मुख्य केंद्र दिल्ली असले तरी शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहूनच. शिडाच्या होडीचा पहिला धडा मोऱ्याला चपखल लागू पडतो: आधी वारा येतो त्या दिशेला, म्हणजे मुंबईकडे जावे, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणून सोडतो. आणि परतण्याची वेळ भरतीशी जुळवावी. वारा धक्क्यापर्यंत आणेल, पण पाणी नसेल तर पुढची वाट गाळाचीच.

याच रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. तिथे रोजच्या पाण्याची वेळ ना चंद्र ठरवतो ना सूर्य. मुळशीचे पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजगृहात येते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. वीज करून सोडलेले पाणी खाली आले की नदी फुगते, म्हणून भर उन्हाळ्यातही कोलाडला सकाळी राफ्ट निघतात. तिथले लोक रोज पहिला प्रश्न विचारतात तो पाणी कधी सुटणार हा. प्रत्येक खेळाच्या पाण्याला असे एक घड्याळ असते. खेळाडू ते आधी शिकतो, वल्हे नंतर.

वर्षाचे चक्र

वर सांगितलेले स्वच्छ चक्र ऑक्टोबर ते मे या काळातले. त्यातही महिन्यामहिन्याचा फरक आहे. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर घाटाकडून वादळी ढग येतात. कर्नाळ्याच्या बाजूला आभाळ काळे झाले, खारा वारा एकाएकी पडला आणि पाणी चमत्कारिक शांत झाले की लगेच किनारा गाठावा. थोड्याच वेळात पूर्वेकडून थंड हवेचा जोरदार झोत येतो. जानेवारीत उत्तर भारतात थंडीची लाट आली की एक-दोन दिवस उत्तरेचा वारा सकाळपासूनच लागून राहतो आणि सकाळच्या शांत वेळेचा भरवसा धरता येत नाही. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही. त्या दिवशी मुंबई भाजून निघते आणि खारा वारा उशिरा येतो. एप्रिल-मेमध्ये जमीन आणि समुद्र यांच्यातला तापमानाचा फरक मोठा असल्याने दुपारचा वारा दणकट असतो.

भरतीचाही ऋतू असतो. पावसाळ्यात दिवसाची उधाणाची भरती जास्त उंच असते, हिवाळ्यात रात्रीची. जुलैच्या दुपारी पाणी धक्क्याच्या पायऱ्या गिळते आणि डिसेंबरमध्ये तेच मध्यरात्री घडते.

मग नैऋत्य मोसमी वारा येतो आणि वेळापत्रक संपते. वीस नॉटच्या वरचा वारा थेट बंदराच्या तोंडातून आत घुसतो आणि प्रत्येक ओहोटी त्याच्याशी टक्कर घेते. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद राहते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. भाऊचा धक्का-मोरा ही वाट आतल्या पाण्यातली असल्याने पावसाळ्यातही चालू असते, पण तीन नंबरचा बावटा लागला की तीही थांबते. हा बावटा म्हणजे हवामान विभागाने बंदराला दिलेला इशारा. त्याचे मोल या किनाऱ्याने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मोसमी समुद्राला कमी लेखले की काय होते, हे रायगडमधल्या कित्येक घरांनी भोगले आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या शांत व्हायची वाट पाहणे यात श्रद्धा आहे, आणि तितकेच निरीक्षणही.

पाण्यावरची शिस्त

वारा-पाण्याखेरीज मोऱ्यासमोर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून अजस्र कंटेनर जहाजे इथून ये-जा करतात. खोल पाण्याची वाट अरुंद असते आणि जहाजाला तिच्याबाहेर वळता येत नाही, चटकन थांबताही येत नाही; म्हणून छोट्या होडीनेच बाजूला व्हायचे, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ही वाट ओलांडायची तर सरळ आडवी, न रेंगाळता ओलांडावी. दुसरे म्हणजे जवाहर द्वीपावरचे तेलाचे धक्के, तुर्भ्याचा अणुकेंद्राचा किनारा आणि करंज्याचा नौदलाचा परिसर यांच्याजवळ फिरकायला मनाई आहे. आणि लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीत ठेवलेले नव्हे.

धक्क्यावर एक फळा हवा

पाण्याचे खेळ ज्या गावांत रुजले आहेत, तिथे रोज सकाळी वारा कसा आहे, पाणी केव्हा फिरणार, आज कोणी उतरावे याची चर्चा चहाबरोबर होते. मोऱ्याच्या कोळीवाड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. आज मात्र या गावची नवी पिढी पाण्याकडे पाठ करून रेल्वे आणि अटल सेतूकडे पाहते आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणची लोकल आणि सेतू दोन्हींचे उद्घाटन झाले. प्रवासाची सोय झाली हे फार चांगले झाले. पण त्यामुळे धक्क्यावरची वर्दळ कमी झाली, तर वारा-पाणी वाचण्याची विद्याही कमी होत जाईल. आणि पाण्याला लागून राहणाऱ्या मुलांना पाणी वाचता न येणे हे धोक्याचे आहे.

म्हणून मोरा धक्क्यावर रोज सकाळी भरला जाणारा एक मोठा फळा असावा, असे मनापासून वाटते. त्यावर पाच ओळी पुरेत: आजची तिथी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची, वाऱ्याची दिशा, वेग आणि तो उठण्याची अपेक्षित वेळ, बावटा, आणि शेवटी, दुपारी वारा-पाणी सोबत की विरोधात. शाळेतल्या मुलांनी पाळीपाळीने तो लिहावा. वर्षभरात त्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे, उधाण आणि भांग डोळ्यांनी दिसतील आणि त्यांतलीच काही उद्या शीड हाकतील, धरमतरहून पोहत गेटवे गाठतील. लागणारी सगळी माहिती सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकात, हवामान विभागाच्या रोजच्या पत्रकात आणि कोळीवाड्यातल्या जुन्या तांडेलांच्या डोक्यात आजही आहे. ती एका ठिकाणी, खडूने, रोज सकाळी लिहायला सुरुवात करणे एवढेच करायचे आहे.